सेट चालूच होता

सोमवार, ३ तारीख

नव्या नियमांत हौशी रेडिओवाल्यांना नोंदवहीची सक्ती राहिली नाही. कुणाशी बोललो, किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, काही लिहायला नको. इतकी वर्षं इमानेइतबारे लिहिलं, आता म्हणे गरज नाही. कोऱ्या वह्यांचा गठ्ठा कपाटात पडलाय, आणि संध्याकाळी वही उघडून बसल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. तेव्हा यापुढे यात घरचंच लिहीन. कुणाला दाखवायचं नाही म्हटल्यावर खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं आहे की हिला अर्धांगाचा झटका आला त्याला आता दोन महिने होतील. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, डोळ्यांवरून कळतं. लग्न झाल्यापासून जिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही ती गप्प पडून असते, आणि घर इतकं सुनं झालंय की स्वयंपाकघरातला नळ टपकला तरी सोबत वाटते.

लेकीचा फोन आला. महिनाअखेर येतेय. तिच्या घराजवळ एक शुश्रूषा केंद्र आहे, आईला तिथे ठेवायचं आणि मी तिच्या फ्लॅटवर राहायचं असा बेत आहे. "बाबा, तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही." मी म्हटलं, छान झेपतंय. "मग कमरेला पट्टा कशाला बांधलाय?" व्हिडिओ कॉल ही फार वाईट गोष्ट आहे.

हिला मी या घरातून कुठेही पाठवणार नाही. महिनाअखेरीपर्यंत सगळं सुरळीत करून दाखवायचं, एवढंच आता माझं काम.

बुधवार, ५ तारीख

नवा सेट आला. दुसरा नियम हा, की घरी बनवलेले सेट यापुढे हवेवर चालवायचे नाहीत. कंपनीचा, शिक्क्याचा सेट घ्यायचा आणि परवाना कार्यालयातला माणूस घरी येऊन तपासणार, तर परवाना पुढे चालू. माझा जुना सेट मी स्वतः बांधलेला. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, भंगारात निघालेल्या लिफ्टचे सुटे भाग त्यात घातले होते. अजून बटण दाबलं की तिसरा मजला आल्यासारखा खट्ट आवाज येतो. त्याची वायर आज काढली. फडक्याने पुसला आणि उगाच थोडा वेळ हात ठेवून बसलो.

नवा सेट जेवणाच्या डब्याएवढा. दुकानदार स्वतः जोडायला आला. पूर्वी माझं सगळं गच्चीवरच्या खोलीत असायचं, पण हिला सोडून वर बसता येत नाही, म्हणून हिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला, हिच्या डाव्या हाताला. दुकानदार म्हणाला, "काका, हे ‘ऑटो’चं बटण बघा. हे फिरवलंत की माइकचं बटण दाबायलाच नको. तुम्ही बोललात की सेट आपोआप हवेवर जातो, हा लाल दिवा लागतो. गप्प बसलात की बंद."

मी म्हटलं, असले लाड मला नकोत. बोलायचं तेव्हा माणसाने बटण दाबावं आणि जबाबदारीने बोलावं. बंद ठेवा ते. त्याने बंद ठेवलं. ही डोळे मोठे करून सगळं बघत होती. रेडिओचा हिला पहिल्यापासून राग. ‘माझी सवत’ म्हणायची.

माहितीपुस्तक मी हिच्यापुढे टाकलं. आमच्या घरी ती पुस्तकं नेहमी हीच वाचते, मी थेट स्क्रू-ड्रायव्हर घेतो. तेवढाच विरंगुळा. डाव्या हाताने पानं उलटत राहिली बिचारी.

शुक्रवार, ७ तारीख

नव्या सेटवरून पहिल्यांदा सकाळच्या नेटवर गेलो. गावातले आम्ही हौशी लोक रोज सकाळी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमतो, त्याला नेट म्हणतात. निवृत्त भूगोलाचे मास्तर सगळ्यांची हजेरी घेतात. बेकरीवाला भट्टीपुढूनच बोलतो. तिसरी नर्सबाई, ती नवी. आता परवान्याला मोर्सची परीक्षा लागत नाही ना, म्हणून असली मंडळी आली. आम्ही मोर्सचे ठोके पाठ करता करता टेबलांना खड्डे पाडले, आणि या चार प्रश्नांवर खुणा करून थेट हवेत. मी तिच्याशी कामापुरतं बोलतो.

मास्तरांनी विचारलं, "लिफ्टवाले, घरी कसं काय?" मी म्हटलं, "झकास. सगळं ठीक. ओव्हर." घरचं घरात राहावं. मास्तरांना हिच्या आजाराचं जुजबी माहीत आहे, त्यापलीकडे कुणाला काही सांगितलेलं नाही. कुणी कीव केलेली मला खपत नाही.

नेट संपला तरी सेट बंद केला नाही. जुन्या सेटचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागायचा, म्हणून सकाळी चालू केला की झोपेपर्यंत तापता ठेवायचा ही सवय. याच्यात तापायला काही नाही हे कळतं, पण हात बंद करायला धजत नाही. फक्त हिला त्रास नको म्हणून आवाज पार खाली करून ठेवला.

शनिवार, ८ तारीख

आनंदाची बातमी. दुपारी भांडी घासून आलो तर हिचा डावा हात टेबलापर्यंत पोचलेला, बोटं सेटच्या बटणांवर. म्हणजे हाताला शक्ती येतेय! आधी तो हात इतका लांब नेता येत नव्हता. मी इतका खूश झालो की हिच्या कपाळाची पापीच घेतली. ही माझ्याकडे अशी बघत होती की काहीतरी मोठं काम उरकलंय.

मग जेवण भरवलं. मी हिच्याकडे तोंड करून स्टुलावर बसतो, सेट माझ्या पाठीमागे येतो. भरवताना बडबड करावी असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून वाटेल ते बोलत असतो. बेकरीवाल्याचा पाव हल्ली चपलेच्या तळव्यासारखा झालाय, तुझ्या घशाखाली कसा उतरवू, असं सांगितलं. मास्तर आजकाल हजेरी घेतात की भूगोल शिकवतात तेच कळत नाही, तेही सांगितलं. ही माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. भिंतीवर काय आहे एवढं? कॅलेंडर आहे फक्त.

सोमवार, १० तारीख

रविवारी नेटला सुट्टी असते. आज नेट चक्क लवकर आटपला. मास्तर म्हणाले, आजपासून थोडक्यात घेऊ. वयाने शहाणपण येतं म्हणायचं.

सुरुवातीला ते म्हणाले होते, "लिफ्टवाले, तुमच्या नव्या सेटबद्दल एक सांगायचं होतं..." आणि थांबले. मध्ये नर्सबाई बोलली, "मास्तर, राहू द्या ना. तपासून बघू आधी." मी विचारलं काय ते, तर म्हणाले काही नाही, आवाज स्वच्छ येतोय. आवाज स्वच्छ येतो हे सांगायला इतकं अडखळायचं कशाला?

दारात बेकरीवाल्याचा माणूस पिशवी देऊन गेला. लोण्यासारखा मऊ पाव. "शेठनी सांगितलंय, आजपासून हा वेगळा भाजतोय, चव बघून सांगा." हिने दोन तुकडे खाल्ले! गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. माणसाचं नशीब उघडायला लागलं की असं उघडतं.

बुधवार, १२ तारीख

आज नर्सबाईने नेटवर भाषणच ठोकलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलताना चादरीचा कसा उपयोग करावा, स्वतःचे गुडघे कसे वाकवावेत, कमरेवर भार कसा येऊ देऊ नये. रेडिओच्या नेटवर हा विषय! मास्तरांनी दटावायला हवं होतं, तर ते उलट म्हणाले, "फार उपयुक्त. पुन्हा एकदा सावकाश सांगा." मोर्स काढून टाकल्याचे परिणाम, दुसरं काय.

पण कान देऊन ऐकलं. दुपारी तसं करून पाहिलं. कूस बदलली, आणि काल रडकुंडीला आलेली कंबर आज कुरकुरलीसुद्धा नाही. हिला म्हटलं, बिनमोर्सची असली तरी बाई हुशार आहे हो.

शुक्रवार, १४ तारीख

वाईट दिवस. सकाळी हिला उठवून खुर्चीत बसवताना माझा हात सुटला. खाली पडली नाही, पलंगाच्या कडेला टेकली, पण घाबरली. मीही घाबरलो. सूप करताना बोट भाजलं ते वेगळंच.

दुपारी हिच्याजवळ बसलो आणि नको ते बोलून गेलो. म्हटलं, मला भीती वाटते गं. लेक म्हणते ते खरंच असेल. पण तुला त्या केंद्रात ठेवून मी काय करू? मला एकट्यापुरता चहासुद्धा करता येत नाही, हात आपोआप दोनच कपांचं पाणी घेतो. तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा रोज एक कप ओतून देत होतो मोरीत. असं म्हणता म्हणता मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाने रडू नये, फार वेळ लागतो आवरायला. हिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि पुन्हा माझ्या मागे भिंतीकडे बघितलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

मग वातावरण हलकं करायला गाणं म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदा म्हटलं होतं तेच. तेव्हाही ही हसली होती, आजही अर्ध्या तोंडाने हसली.

शनिवार, १५ तारीख

नेट आज विचित्र. सगळे हळू आवाजात बोलत होते, कुणी गेल्यासारखे. मास्तरांनी माझी पाळी यायच्या आधीच मला म्हटलं, "लिफ्टवाले, त्र्याहत्तर." आमच्या भाषेत त्र्याहत्तर म्हणजे लोभ असावा. ते बोलणं संपवताना म्हणायचं असतं, सुरुवातीला नाही. मास्तरही थकले आता.

बेकरीवाल्याने मध्येच विचारलं, "लिफ्टवाले, तुम्ही गाता का हो कधी?" मी म्हटलं, छे, जन्मात नाही. तो खोकला आणि माइक बंद झाला. भट्टीचा धूर लागत असेल.

दुपारी मास्तर स्वतः रिक्षातून आले. बरोबर पलंगाला बसवायचा लोखंडी कठडा. "आमच्या वडिलांचा होता. माळ्यावर नुसता गंजतोय. तुम्ही लिफ्टवाले, लोखंडाची कदर तुम्हाला." बसवूनही दिला. ही त्याला धरून जवळजवळ स्वतःच उठून बसली. कालच सुटलेला हात, आणि आज कठडा! मास्तरांना म्हटलं, तुम्ही देवासारखे आलात. ते सेटकडे बघत होते. मग हिच्याकडे बघितलं. ही हलकेच मान हलवत होती, नको, नको अशी. काय नको होतं ते विचारलं तर डोळे मिटून घेतले.

माणसं जोडून ठेवावीत ती अशी. नेटवर कधी कुणाला दुखावलं नाही, त्याचंच हे फळ.

मंगळवार, १८ तारीख

नर्सबाईने आज नेटवर नवा विषय काढला. बोलणं गेलेल्याला पुन्हा शब्द कसे शिकवावेत. म्हणे ओठ मिटून सुरू होणारे सोपे शब्द घ्यावेत, रोजच्या सवयीचे. एकच शब्द, पण दिवसभर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला बोलायचं कारण द्यावं. तुम्हीच सगळं बोललात तर तो कशाला बोलेल?

आता ही विद्या तिला आमच्याच नेटवर का पाजळावीशी वाटते कोण जाणे. पण विचार केला, हिचा सवयीचा शब्द कुठला? सापडला. मी रेडिओवरून खाली आलो की ही कमरेवर हात ठेवून दारात उभी. आधी माझी यथेच्छ हजेरी घ्यायची, मग म्हणायची, "झालं माझं. आता बोला." ओठ मिटूनच सुरू होतो. दुपारभर हिच्यापुढे बसून ‘बोला, बोला’ करत होतो. ही मख्ख. उलट मलाच सांगितल्यासारखं हनुवटीने माझ्याकडे खूण करते. हट्टी तर पहिल्यापासून.

शुक्रवार, २१ तारीख

हे लिहायलासुद्धा लाज वाटते.

परवाना कार्यालयातला माणूस आज तपासणीला आला. चाळिशीचा, बॅगेत यंत्रं, बोलायला मऊ. गच्चीवरचा अँटेना बघितला, सेटची मापं घेतली, सगळं ठीक म्हणाला. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "काका, एक सांगू? तुमचं हे ऑटोचं बटण चालू आहे."

मी म्हटलं, शक्य नाही.

"गेले दोन आठवडे चालू आहे. आमच्या केंद्रावर मी ऐकतो ना सगळं. या खोलीत तुम्ही जे बोलता ते गावभर हवेवर जातं. तुम्ही आवाज खाली ठेवता, म्हणून कुणी मध्ये हाक मारली तरी तुम्हाला ऐकू आलं नाही."

मी विचारलं, मग नोटीस का पाठवली नाही? कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं आपलं सांकेतिक नाव, न सांगता दिवसभर हवेवर राहणं हा गुन्हा आहे. मी स्वतः दुसऱ्याला सोडला नसता.

तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "कळवायलाच बसलो होतो. तेव्हा तुम्ही दोन कप चहाचं सांगत होतात. मध्येच कसं तोडणार? मग उद्या करू, परवा करू, असं झालं." बटण कारखान्यातून बंदच येतं, कुणाचा तरी हात लागला असेल, असंही म्हणाला. फडक्याने पुसताना माझाच लागला असणार. त्याने परवाना पुढे चालू केला, ‘तोंडी समज दिली’ असा शेरा मारला आणि जाताना हिला नमस्कार केला.

मी बटण बंद केलं. मग सेटच बंद केला. मग वायर काढून ठेवली.

शनिवार, २२ तारीख

झोप नाही. एकेक आठवतंय आणि अंगावर काटा येतोय. चपलेचा तळवा! म्हणून मऊ पाव आला. मास्तरांचा भूगोल! म्हणून नेट छोटा झाला. माझी कंबर, म्हणून चादरीचं भाषण. हात सुटला, म्हणून कठडा. आणि मी इथे लिहितो की माणसं जोडून ठेवावीत. आणि ते गाणं. आणि ते रडणं. धरणीने पोटात घ्यावं, दुसरं काही नको.

रोज सकाळी त्या सगळ्यांना सांगत होतो, झकास, सगळं ठीक, ओव्हर. आणि ते ‘वा वा’ म्हणत होते. एकाने तरी सांगायला नको?

मास्तरांचा फोन वाजला, घेतला नाही. नर्सबाई दारात येऊन गेली. दार उघडलं नाही, आत श्वास धरून बसलो, घेणेकऱ्याला चुकवावं तसा. हिने कठडा हाताने खडखड वाजवला. मी लक्ष दिलं नाही.

मंगळवार, २५ तारीख

दोन दिवस हिच्याशीही धड बोललो नाही. बोलायला तोंड उघडलं की कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. सेट बंद आहे हे माहीत असून.

आज ठरवलं. लेक येतेय तर जाऊया तिच्याबरोबर. तिच्या इमारतीत अँटेना लावू देत नाहीत, म्हणजे प्रश्नच मिटला. परवाना परत करीन. कोणत्या तोंडाने त्या फ्रिक्वेन्सीवर जाऊ? हिला म्हटलं, तुझीही तिथे चांगली देखभाल होईल, मी काही लिफ्ट नाही सांभाळत, माणूस सांभाळतोय, मला जमत नाही. मी रोज भेटायला येईन.

हिने तोंड भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळी जेवली नाही. मऊ पावसुद्धा नाही.

शनिवार, २९ तारीख

सगळं नीट क्रमाने लिहितो.

लेक काल आली. रात्री आईला बघून घेतलं, घर बघून घेतलं, माझ्या बोटाची पट्टी बघून घेतली. आज सकाळी बॅगा भरायला काढल्या. मी सेट खोक्यात घालण्याआधी एकदा जोडून पाहिला, चालू स्थितीत दुकानदाराला परत द्यावा म्हणून. या वेळी आवाज मोठा ठेवला, कारण नेटची वेळ होती आणि एकदा शेवटचं ऐकावं असं मनात आलं. मास्तर हजेरी घेत होते. माझ्या कॉलसाइनशी थांबले, वाट बघितली, मग पुढे गेले. तेवढंही ऐकवलं नाही, मी सेटकडे पाठ करून स्टुलावर बसलो.

लेक समोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात, अगदी आईसारखी. "बाबा, तुम्ही परवापर्यंत म्हणत होतात हलणार नाही. आता एकदम चला म्हणताय. खरं सांगा, तुम्हाला काय हवंय?"

मी म्हटलं, "मला काय हवं असणार? तू म्हणशील तसं."

"मी म्हणेन तसं नको. तुमचं सांगा."

मी खोक्याची दोरी सोडवत बसलो. तेवढ्यात पाठीमागे बारीक टिक् असा आवाज झाला, आणि लेक म्हणाली, "आई, काय करतेस? बाबा, तो लाल दिवा कसला लागला?"

वळून बघितलं. हिचा डावा हात टेबलावर, दोन बोटं ऑटोच्या बटणावर. चुकून पडलेली नाहीत, नीट चिमटीत धरलेलं. सेटवर लाल दिवा. माझ्याकडे बघत होती. आठ तारखेला बघितलं होतं तसंच.

फडकं नव्हतं ते. माहितीपुस्तक वाचून घेतलेल्या बाईचा हात होता. मला मदत मागता येत नाही हे जिला माझ्या आईपेक्षा जास्त माहीत, तिने स्वतःला बोलता येत नसताना माझं बोलणं गावाला ऐकवलं. सवतीकडून काम करून घेतलं. आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

हिचे ओठ मिटले. मान थरथरायला लागली. लेक पुढे धावली, मी तिला हाताने थांबवलं. हिच्या गळ्यातून आधी नुसता श्वास आला, मग खरखर, आणि मग तीन महिन्यांचा गंज झटकून एक शब्द.

"बोला."

लेक मटकन खाली बसली. हिचा हुकूम होता, आणि दिवा लागलेला होता. मी माझं कॉलसाइन सांगितलं, नियमाने. मग म्हटलं, "मंडळी, मी लिफ्टवाला. घरी सगळं ठीक नाही. ठीक नव्हतंच. मला हिला सोडून कुठे जायचं नाही, आणि मला एकट्याला जमत नाही. मला मदत हवी आहे. हे मी बटण चालू आहे हे माहीत असून बोलतोय. ओव्हर."

दिवा विझला. मग मास्तर आले. "लिफ्टवाले, ऐकलं. पण तुमच्या आधी जो आवाज आला, तो कुणाचा?"

मी म्हटलं, "आमच्या घरच्या मुख्य ऑपरेटरचा."

मग सगळे एकदम बोलायला लागले, शिस्तबिस्त विसरून. नर्सबाई म्हणत होती, माझी रात्रपाळी सकाळी सुटते, मी तुमच्याच गल्लीवरून जाते, रोज आंघोळ मी घालते, तुम्ही नाही म्हणूच नका, मी तीन आठवडे जीभ चावून बसलेय. मास्तर म्हणाले, दुपारी मला घरात कुणी विचारत नाही, भूगोल ऐकायला तुमच्या बाईंना हरकत नसेल तर येत जाईन. बेकरीवाला मध्येच ओरडला, "आणि गाणं बंद करायचं नाही!"

हीसुद्धा हसली. अर्ध्या तोंडाने, पण आवाज करून. लाल दिवा लागला. तो आवाजही गेला हवेवर.

लेक जमिनीवर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, ही सगळी माणसं कोण आहेत?" मी सांगायला लागलो आणि मला रडू आलं, ते मात्र बटण बंद करून.

रविवार, ३० तारीख

लेक एकटीच परत गेली. महिनाभर बघू म्हणाली, मग पुन्हा येईन. जाताना सेटची फ्रिक्वेन्सी लिहून घेतली. तिकडून ऐकू येणार नाही हे तिलाही माहीत आहे.

ऑटोचं बटण आता बंद असतं. खासगी ते खासगी. पण सेट हिच्या हाताशीच ठेवलाय, आणि मी फार शहाणपणा करायला लागलो की ही त्या बटणाकडे नुसतं बोट करते. तेवढ्यावर माझा सूर खाली येतो. नर्सबाईला मी मोर्स शिकवणार आहे. परीक्षेला लागत नाही, तिने आपणहून विचारलं.

दुपारी मास्तर आले, पाठोपाठ नर्सबाई आली. मी चहा टाकला. हाताने सवयीने दोन कपांचं पाणी घेतलं. कमी पडलं, पुन्हा ठेवावं लागलं.